चिंचोके, पाकिटं आणि शंभर वर्षांपूर्वीची बिऱ्हाडं: मुलांना घरखर्च कसा शिकवावा

२०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने मायक्रोफायनान्सच्या जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. धाकदपटशा करून वसुली केली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद होती. मायक्रोफायनान्स म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या कितीतरी गल्ल्यांत आठवड्याचा हप्ता हा आता किराण्याइतकाच ओळखीचा खर्च झाला आहे. कायदा वसुली करणाऱ्याला आवरेल. कोणता हप्ता आपल्या घराला झेपेल हे मात्र घरातच ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला शाळेत कुणी शिकवत नाही.

मुलांना पैशाचं शिक्षण द्या, असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत त्याचा अर्थ ‘उधळपट्टी करू नकोस’ एवढाच निघतो. त्यातून मुलाला अपराधी वाटतं, हिशोब येत नाही. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना हिशोब हातात द्यायची एक चांगली रीत आहे. शंभर वर्षांपूर्वी गाव किंवा देश सोडून शहरात आलेल्या कुटुंबांचा घरखर्च त्यांनी चालवून बघायचा. या रीतीसाठी लागतं ते एवढंच: मूठभर चिंचोके, सात जुनी पाकिटं आणि एक वही.

घरखर्चाचं गणित कुठे अडतं?

अंदाजपत्रक म्हणजे पैसे खर्च होण्याआधी त्यांची केलेली वाटणी. खर्च झाल्यावर लिहितो तो जमाखर्च. दोन्ही हवेत, पण मुलं शिकतात ती पहिल्यातून, कारण तिथे निर्णय घ्यावा लागतो.

महिन्याची आवक जावकीपेक्षा कमी असेल तर ती अडचण उघड दिसते. न दिसणारी अडचण वेळेची असते. पैसे एका तालाने येतात आणि दुसऱ्याच तालाने जातात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरच्या विणकराची मजुरी आठवड्याला होते, घरभाडं महिन्याला द्यायचं असतं, मुलांची फी जूनमध्ये आणि उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. ज्या वॉर्डात नळाला रोज पाणी येत नाही तिथे बाई पाणी आलेल्या दिवशी पिंप भरते आणि पुढच्या पाण्यापर्यंत रोज किती घागरी काढायच्या ते ठरवते. पैशाचंही तसंच आहे, फक्त पिंपाचा तळ दिसतो तसा पैशाचा तळ आधी दिसत नाही. तो दिसावा म्हणून पाकिटं.

आपलं घर सोडून परक्याचं बिऱ्हाड का?

कारण आपल्या घराच्या आकड्यांना भावना चिकटलेल्या असतात. ‘बाबांनी त्या महिन्यात कर्ज का काढलं?’ हा प्रश्न मूल विचारू शकत नाही आणि विचारला तर घरात सगळे गप्प होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधल्या शिंप्याबद्दल मात्र ते मोकळेपणाने म्हणू शकतं, याने चूक केली. चूक दिसते, कुणाची मान खाली जात नाही.

स्थलांतरित कुटुंबच घ्यायचं, यालाही ठोस कारण आहे. गावात राहणाऱ्या घराचा अर्धा खर्च पैशात दिसतच नाही. भात शेतातला, दूध गोठ्यातलं, सरपण बांधावरचं, घर वडिलोपार्जित. खानापूर तालुक्यातलं असं एखादं कुटुंब बेळगावात भाड्याच्या खोलीत आलं की पहिल्याच महिन्यात कळतं की तांदूळ, दूध, जळण आणि छप्पर या चारींना किंमत असते. शिवाय उधार देणारा ओळखीचा दुकानदार नसतो आणि अडीनडीला धावणारी भावकी नसते. नव्याने आलेल्या कुटुंबाला प्रत्येक गोष्ट रोख मोजावी लागते, म्हणून त्याचा घरखर्च शिकवायला सगळ्यांत स्वच्छ असतो.

अशा घरांचे आकडे जपून ठेवलेले आहेत. रॉबर्ट चॅपिन या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधल्या ३९१ कामगार कुटुंबांचा घरखर्च तपासून १९०९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातली बरीचशी कुटुंबं इटली, रशिया, ऑस्ट्रिया-हंगेरी, आयर्लंड अशा देशांतून आलेली होती. मुंबईत १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली २,४७३ कामगार कुटुंबांचे हिशोब गोळा केले. तेव्हा बेळगाव जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता आणि कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत कामाला जात होती. त्या मुंबईचे आकडे आपल्या मुलांना परके वाटत नाहीत.

पहिला महिना: न्यूयॉर्क

चॅपिनचा निष्कर्ष असा होता की पाचेक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ८०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नात धड राहता येत नाही, ९०० च्या पुढे बहुधा जमतं. आपण बरोबर ८०० चं घर घ्यायचं, कारण काठावरच्या घरातच प्रत्येक निर्णय मोजावा लागतो. ८०० ला ५२ आठवड्यांनी भागलं की सव्वापंधरा-साडेपंधरा येतात. खेळासाठी आठवड्याला १५ डॉलर धरा, म्हणजे १५ चिंचोके.

पाकिटांवर नावं घाला: अन्न, भाडं, जळण-दिवा, कपडे, आजारपण, गावाकडे व देणी, शिल्लक. या गटातली कुटुंबं साधारण ४४ टक्के पैसे अन्नावर आणि सुमारे पाचवा हिस्सा भाड्यावर घालवत. म्हणून आठवड्याला अन्न ७, जळण १, कपडे २ हे ठरलेले खर्च. भाडं महिन्याचं १३, आणि ते चौथ्या आठवड्याच्या शेवटीच द्यायचं.

भाड्यासाठी दर आठवड्याला बाजूला काढा, हे आधी सांगू नका. फक्त तारीख सांगा. पहिल्या आठवड्याला मुलाच्या हातात ठरलेले खर्च वजा जाता ५ चिंचोके मोकळे दिसतात. मग एकेक चिठ्ठी काढू द्या: ‘मुलाचे बूट फाटले, ३’, ‘बहिणीचं लग्न, २ पाठवायचे का?’, ‘रविवारी फिरायला, १’. बहुतेक मुलं खर्च करतात. चौथ्या आठवड्याला १५ हातात येतात, १३ भाड्याला जातात, २ उरतात आणि अन्नालाच ७ हवे असतात. पाच चिंचोके कमी.

या क्षणी घाई करू नका. महिन्याची आवक ६० होती, अन्न-जळण-कपडे ४० आणि भाडं १३, म्हणजे एकूण ५३. पैसे पुरेसे होते, तरीही घर अडलं. हे मुलाच्या स्वतःच्या हातून घडल्याशिवाय त्याला पटत नाही आणि एकदा पटलं की पुढचं निम्मं काम होतं. दुसऱ्यांदा खेळताना मूल आपणहून ३, ३, ३ आणि ४ असं भाडं बाजूला ठेवतं. तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांना २ आणि चौथ्याला १ चिंचोका मोकळा राहतो. आजारपण, गावाकडे पाठवायचे पैसे, बूट हे सगळं त्या सातांत बसवायचं.

तिसऱ्यांदा खेळताना चार आठवड्यांवर थांबू नका, पुढेही चालवा आणि त्यात त्या काळची खरी वस्तुस्थिती घाला. न्यूयॉर्कचं शिवणकाम हंगामी होतं, मंदीचे आठवडे ठरलेलेच. सहाव्या आणि सातव्या आठवड्याला मजुरी निम्मी. गरीब कुटुंबं कोळसा बादलीने विकत घेत, कारण गाडीभर घ्यायला एकरकमी पैसे नसत, आणि बादलीचा भाव महाग पडे. आपल्याकडे तेलाची छोटी पुडी घेणाऱ्या घराला तेल महाग पडतं ते याच कारणाने. मुलाला दुकानात नेऊन छोटी पुडी आणि लिटरची पिशवी यांचा शंभर मिलिलीटरचा भाव काढायला लावा.

उत्पन्न वाढवण्याचा त्या घरांचा एक मार्ग म्हणजे पोटभाडेकरू ठेवणं. खेळात त्याचा आठवड्याला १ चिंचोका मिळतो. पण न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या ९७ क्रमांकाच्या इमारतीत, जिचं आता संग्रहालय झालं आहे, अख्ख्या कुटुंबाची जागा तीन खोल्या आणि ३२५ चौरस फूट होती. जमिनीवर खडूने तेवढी, साधारण १८ बाय १८ फुटांची जागा आखा. त्यात पाच माणसं उभी करा आणि मग सहावं माणूस आणायचं का ते मुलांना ठरवू द्या. अंदाजपत्रकात पैशाखेरीजही काहीतरी खर्च होतं हे इथे आपोआप निघतं.

दुसरा महिना: मुंबई

१९२१-२२ च्या पाहणीत कामगार कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास निघालं. खर्चाची वाटणी अशी होती: अन्न ५६.८ टक्के, जळण आणि दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, भाडं ७.७, किरकोळ १८.५. खेळात सगळं उत्पन्न खर्च होतं असं धरू. ५२ चिंचोक्यांचे अन्न २९, जळण ४, कपडे ५, भाडं ४ आणि किरकोळ १० असे भाग पडतात. ही वाटणी मुलाला स्वतः टक्केवारीवरून काढू द्या. पाचवी-सहावीच्या मुलाला टक्केवारीचा याहून चांगला सराव नाही.

न्यूयॉर्कशेजारी मुंबईचे आकडे ठेवले की मूल विचारतं, इथे अन्नाला एवढे जास्त का? जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम असा: कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. तो आजही लागू पडतो. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत खेड्यांतल्या कुटुंबांचा अन्नावरचा खर्च सुमारे ४७ टक्के आणि शहरांतल्यांचा सुमारे ४० टक्के होता.

मुंबईच्या हिशोबातली सगळ्यांत शिकवण्यासारखी गोष्ट आहे कर्ज. पाहणीतली ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिना एक आणा. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं. मुलाला २० रुपये कर्ज देऊन बघा. महिन्याचं व्याज २० आणे, म्हणजे सव्वा रुपया. किरकोळच्या १० चिंचोक्यांतून तो जातो. वर्षभरात १५ रुपये व्याज भरलं जातं आणि डोक्यावरचे २० रुपये तसेच राहतात. वर्षाला ७५ टक्के. ‘महिन्याला फक्त इतके’ हे वाक्य ऐकलं की त्याला बाराने गुणायचं, ही सवय इथे लागते. आजच्या मोबाइलवरच्या कर्जाच्या जाहिराती नेमकं हेच वाक्य वापरतात.

सगळं कर्ज वाईट, असं मात्र शिकवू नका. ते खोटं आहे आणि मुलाला पुढे नडेल. ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत नताली गम्पर्ट्झ नावाची प्रशियातून आलेली बाई राहत होती. १८७४ मध्ये तिचा नवरा घरातून गेला तो परतलाच नाही. पदरात लहान मुलं. तिने घरी शिवणकाम करून संसार चालवला. त्या काळी शिलाई यंत्र हप्त्यावर मिळत असे. सिंगर कंपनीने ती पद्धत १८५० च्या दशकातच सुरू केली होती. यंत्रासाठी काढलेलं कर्ज यंत्रच फेडतं. तांदळासाठी काढलेलं कर्ज पुढच्या महिन्याच्या तांदळातूनच फेडावं लागतं. मुलांनी पाचसहा कर्जांच्या चिठ्ठ्या या दोन ढिगांत लावाव्यात. लग्न, मोटारसायकल, दवाखाना यांवर वाद होईल. होऊ द्या. दवाखान्याचं कर्ज पैसे मिळवून देत नाही, तरी ते काढावं लागतं, आणि म्हणूनच आजारपणाचं पाकीट वेगळं ठेवायचं.

आजचा आठवडी हप्ता

आता मूल आजच्या बेळगावच्या घराकडे वळू शकतं, अजूनही काल्पनिकच. एका मागवाल्याच्या घरात आठवड्याला ४,००० रुपये येतात. तीन ठिकाणचे हप्ते आहेत: ७५०, ७०० आणि ६००. बेरीज २,०५०. प्रत्येक हप्ता वेगळा बघितला तर झेपणारा आहे, एकत्र केले तर निम्म्याहून जास्त कमाई जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमानुसार मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. हे दोन्ही नियम मोठ्या मुलांना माहीत असायला हवेत.

मग मंदीची चिठ्ठी काढा: सुताचा भाव चढला, माग दोन आठवडे बंद. आवक शून्य, हप्ते चालू. न्यूयॉर्कच्या मंदीच्या आठवड्यांशी मूल इथे स्वतःच जोडणी करतं. बहुतेक वेळा त्याची पहिली सूचना असते चौथं कर्ज काढण्याची. ते काढू द्या, आणखी चार आठवडे खेळवा. पुढे काय होतं ते चिंचोकेच दाखवतात.

पालक हमखास घेतात त्या शंका

‘मुलांना या वयात पैशाची काळजी कशाला लावायची?’ घरात ओढाताण असेल तर मुलांना ती कळलेली असतेच. आकडे कळलेले नसतात आणि त्यामुळे भीती जास्त वाटते. परक्या घराचा हिशोब याचसाठी घेतला. मात्र एक पथ्य कडक पाळा: आपल्या घरची थकबाकी, सावकाराचं नाव, भांडणं मुलाच्या वहीत आणू नका आणि दुकानदाराकडे ‘पुढच्या आठवड्यात देतो’ सांगायला मुलाला पाठवू नका.

‘त्या काळी मुलंही कमावत होती, ते कसं दाखवायचं?’ लपवू नका. चॅपिनच्या अनेक कुटुंबांत मुलांची मजुरी हिशोबात होती. खेळात ती चिठ्ठी ठेवा: मुलाला शाळेतून काढलं तर आठवड्याला ३ चिंचोके. सोबत सांगा की आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. काही मुलं चिठ्ठी घेतात, काही नाकारतात आणि त्याऐवजी कपड्यांचे २ कापतात. दोघांनाही कारण लिहायला लावा.

‘आमच्या घरात पगारच ठरलेला नाही.’ मग तर पाकिटं जास्तच हवीत. निपाणीत विडी वळणारीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पानं कमी आली की विड्या कमी. कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे २,००० रुपये येतात, पण नेमके कोणत्या तारखेला याचा भरवसा नसतो. अशा घरासाठी दोन नियम पुरतात. मागच्या सहा महिन्यांतली सगळ्यांत कमी आवक धरून ठरलेले खर्च बसवायचे. आणि जे पैसे हातात आले नाहीत ते कुठल्याच पाकिटात घालायचे नाहीत, कितीही खात्रीचे असले तरी.

‘सगळं फोनवरून होतं, चिंचोके कशाला?’ फोनवर सगळे पैसे एकाच आकड्यात दिसतात. भाड्याचे किती आणि भाजीचे किती हे त्या आकड्यात कळत नाही. मूल चिंचोक्यांवर शिकलं की फोनवरचा आकडाही मनात सात पाकिटांत वाटतं.

खेळ बिघडतो तो बहुधा मोठ्यांमुळे. मूल चुकायच्या आत आई-वडील उत्तर सांगतात. किंवा पाकिटं पंधरा करतात आणि मूल कंटाळतं. सातच्या पुढे जाऊ नका. शिल्लकेचं पाकीट शेवटी भरायचं ठेवलं तर ते रिकामंच राहतं, म्हणून एक चिंचोका का होईना, आधी त्यात. आणि बक्षीस म्हणून खरे पैसे देऊ नका, नाहीतर मूल हिशोब सोडून बक्षिसासाठी खेळू लागतं.

मग स्वतःचं घर

दोन-तीन महिने असे गेले की मुलाला आपल्या घरातली एकच बाब द्या. गॅस सिलिंडर सोपा पडतो. जोडला त्या दिवशी खडूने तारीख लिहायची, संपला की दिवस मोजायचे. सिलिंडर ९०० रुपयांचा आणि ४५ दिवस चालला, तर रोजचे २० रुपये. पाहुणे आलेल्या आठवड्यात किती जास्त गेला, हे मूल पुढच्या वेळी स्वतः सांगतं. मग आठवड्याची भाजी: ठरावीक रक्कम रोख हातात द्या आणि बाजारातून त्यालाच आणू द्या. जास्त झाली तर मधे पडू नका. शेवटचे दोन दिवस आमटीवर काढावे लागले तरी चालेल.

वहीत दोन रकाने ठेवा, ‘ठरवलं’ आणि ‘झालं’. चुकलेला आकडा खोडू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दोन्ही रकाने जवळ येऊ लागले की वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहायला घ्या: जूनमधल्या वह्या-पुस्तकं आणि गणवेश, गणपती, दिवाळी, गावची जत्रा, घरपट्टी. जूनला ६,००० लागणार असतील तर महिन्याचे ५०० झाले. जुलैतच पाकीट सुरू करा, त्यावर नाव मुलाकडून लिहून घ्या आणि दर महिन्याचे ५०० त्यात त्यानेच घालावेत.